जमिनीवरचा पाय

द्रोणागिरीत संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसवरून गेलात, तर आतून ‘हाना, दुल, सेट’ किंवा ‘इची, नी, सान’ असे कोरियन नाहीतर जपानी आकडे कानावर येतात. बाहेर चपलांचा ढीग. आत गुळगुळीत फरशीवर एकमेकांत अडकवलेल्या लाल-निळ्या फोमच्या मॅट. दारात उभे आईबाप, आणि त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा एकाच गोष्टीवर रोखलेला: आपल्या पोराचा पाय किती वर गेला.

माझ्या भाचीमुळे गेली काही वर्षं मी अशा वर्गांच्या कडेला बसतो. आधी मीही वरचाच पाय बघत होतो. आता खालचा बघतो. या लेखात तायक्वांदो, कराटे, किकबॉक्सिंग असं बरंच काही येणार आहे, पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लाथ सुधारते ती जमिनीवर टेकलेल्या पायाने आणि मारून परत आणलेल्या पायाने. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टींना गुण नाहीत, टाळ्या नाहीत आणि फोटोही नाहीत.

लाथ मराठी माणसाला नवी नाही. ती पद्धतशीर शिकायची असते, हे नवं आहे. कुस्तीत लाथेला जागा नाही. मर्दानी खेळात पवित्रा आहे, पायांची सुरेख बैठक आहे, पण ती हातातल्या पट्ट्यासाठी आणि लाठीसाठी. लाथेचं शास्त्र आपल्याकडे आलं ते जपान-कोरियाहून, आणि तिथेही उंच लाथ वाटते तितकी प्राचीन नाही. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला कराटे घेऊन गेले, तेव्हा त्या कराटेतल्या लाथा बहुतेक कमरेखालच्याच होत्या. उंच लाथांची भर पुढे घातली ती त्यांच्या मुलाने, योशिताकाने, आणि त्याच्या बरोबरीच्या तरुणांनी. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ चं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून त्याला पदकं मिळू लागली. म्हणजे डोक्याएवढी लाथ ही हजारो वर्षांची परंपरा नसून विसाव्या शतकातली खेळाची गरज आहे. हे कळलं की पोराचा पाय कानापर्यंत जात नाही म्हणून होणारी घालमेल थोडी तरी कमी व्हावी.

आता लाथेकडे वळू. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी लाथ म्हणजे बाजूने वळवून मारलेली. तायक्वांदोत ती दोल्यो छागी, कराटेत मावाशी गेरी, किकबॉक्सिंगमध्ये राउंडहाउस. बाहेरून ती एकच हालचाल दिसते. पण तिचा क्रम असतो. आधी गुडघा वर येतो. मग खालचा पाय चवड्यावर फिरतो. त्याबरोबर खुबा उलटतो, आणि शेवटी नडगी व पाऊल सुटतात. गोफण फिरवताना हात जिथे थबकतो तिथून दगड सुटतो, तसंच इथे आहे. मांडीचा वेग उतरतो त्याच क्षणी नडगीचा वेग चढतो. सरावलेल्या खेळाडूचं पाऊल त्या क्षणी ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतं. ही साखळी नवशिक्याच्या मांडीत तुटते. तो सगळा पाय काठीसारखा एकदम फेकतो, मांडी थबकत नाही, म्हणून नडगीला उसळी मिळत नाही. आवाज मोठा येतो, ताकद पोचत नाही.

खालच्या पायाचं काम दोन प्रकारचं. तो फिरला नाही तर खुबा उघडत नाही, आणि खुबा उघडला नाही तर लाथ पोटाच्या वर जात नाही. पोरं मग मागे वाकून उंची मिळवतात, फोटोही छान येतो, पण तोल मागे गेलेला असतो. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. वरचं शरीर फिरतंय आणि तळपाय मॅटला चिकटलेला आहे, अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघा हा मुख्यतः वाकणारा सांधा. पीळ सोसण्यासाठी तो घडलेला नाही. लिगामेंटच्या कितीतरी तक्रारी अशाच सुरू होतात. आपल्या भागात यात हवामानाचीही भर पडते. खाडीकाठची दमट हवा, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. घामाने ओल्या फोमवर अनवाणी पाय कधी चिकटतो, कधी घसरतो, आणि मॅट संपून फरशी लागली की तिसरंच काही होतं. म्हणून ‘पाय वर घे’ या सूचनेपेक्षा ‘टाच समोरच्याकडे वळव’ ही सूचना जास्त कामाची. चांगले शिक्षक ती देतात. एका वर्गात चाळीस मुलं असली की ती ऐकू जात नाही, हाही भाग आहेच.

लाथ लागते कशाने, याकडेही सहसा दुर्लक्ष होतं. सरळ लाथेत बोटं मागे ओढून चवडा लावायचा. वळवून मारताना तायक्वांदोत पावलाची वरची बाजू लागते, थाई बॉक्सिंगमध्ये नडगी. मागे वळून किंवा कडेने मारली तर टाच. मुलं घाईत बोटांनीच मारतात, मग अंगठा सुजतो आणि दोन आठवडे वर्ग बुडतो.

इथे थोडा कबड्डीकडे वळतो, कारण द्रोणागिरीत या विषयाची जमीन खरी तीच आहे. सिडकोच्या नकाशात हा नोड नवी मुंबईत असला तरी जागा उरण तालुक्यातली, जिल्हा रायगड. शालेय स्पर्धेची शिडी इथल्या मुलाला उरण तालुक्यातून रायगड जिल्ह्याकडे नेते. वाशी-नेरुळच्या मुलाचा रस्ता वेगळा. आजूबाजूला फुंडे, बोकडवीरा, पाणजे, नवघर, जासई ही गावं, आणि आगरी-कोळ्यांच्या या पट्ट्यात हिवाळ्यात प्रकाशझोतात कबड्डीच्या स्पर्धा रंगतात. टॉवरमधली मुलं तायक्वांदोला जातात, गावातली कबड्डीला, असा सरळ भेद करता येत नाही. एकच मुलगी दोन्हीकडे दिसते.

कबड्डीतली बॅक किक नीट पाहा. तीस सेकंदांची चढाई. चढाईपटू पाठ अर्धवट वळवतो, भार पुढच्या पायावर टाकतो, खांदे खाली नेतो आणि मागचा पाय सरळ झेपावतो. स्पर्श झाला की पाय झटकन आत. तो आत आला नाही तर पुढे काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल: घोटा पकडला जातो आणि चढाई तिथेच संपते. कबड्डीत पाय परत आणणं हे सौंदर्य नसून जगण्याचा प्रश्न आहे. त्यामुळे कबड्डीतून आलेल्या मुलांना अंतर कळतं, हुलकावणी येते, आणि लाथ मारून पाय हवेत विसरण्याची सवय त्यांना नसते. उणीव एकच: ती स्पर्श करतात, मारत नाहीत. क्लबहाउसमधल्या मुलांचं नेमकं उलट असतं. पॅडवर त्यांचा आवाज खणखणीत येतो आणि पाय तिथेच रेंगाळतो. मला विचाराल तर या दोघांना आठवड्यातून एकदा एकत्र खेळवावं. अजून तरी कोणी हे केलेलं मी पाहिलेलं नाही.

पाय परत आणण्याचं महत्त्व वुशू या चिनी युद्धकलेच्या सांदा प्रकारात आणखी उघडं पडतं, कारण तिथे लाथ पकडून पाडायला परवानगी आहे. मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ६० किलो गटात रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. तिथे संथ लाथ मारणारा पाठीवरच पडतो.

लवचिकतेबद्दल आपल्याकडे मोठा भ्रम आहे. वर्ग सुरू होताच पोरांना भिंतीला पाठ लावून बसवायचं आणि पाय ओढायचे, वर कोणीतरी पाठीवर दाब द्यायचा, हे अजूनही चालतं. एक तर स्थिर ताण बराच वेळ धरून लगेच उसळीचं काम केलं तर ताकद किंचित घटते, हे आता मान्य झालेलं आहे. आधी पाय झुलवणं, गुडघा वर घेणं, खुब्याची वर्तुळं, आणि स्थिर ताण शेवटी, असा क्रम बरा. दुसरं, आडव्या स्प्लिटमध्ये अडथळा दर वेळी स्नायूचाच असतो असं नाही. खुब्याच्या वाटीची आणि मांडीच्या हाडाची ठेवण माणसागणिक वेगळी असते, आणि हाडाला हाड लागलं की ताण कितीही द्या, उपयोग नाही, झाला तर अपायच. तिसरं, पाय उंच नेण्यापेक्षा उंचीवर धरून ठेवण्याची ताकद जास्त कमी पडते. हाताने पाय वर नेता येतो पण सोडला की पडतो, तर दुखणं ताकदीचं आहे. मल्लखांबाची मुलं इथे बाजी मारतात, कारण त्यांनी लवचिकता आणि पकड वेगळी कधी शिकलेलीच नसते.

अकरा ते पंधरा हे वय सांभाळायचं. हाडं भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात. गुडघ्याखाली फुगवटा येऊन दुखतं, टाच दुखते, कालपर्यंत जमणारी लाथ आज जमत नाही. त्या मुलाला आळशी म्हणू नये. उड्या आणि जोरदार लाथा काही आठवडे कमी कराव्यात, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं, एवढं पुरतं.

आता खरा अवघड भाग, म्हणजे स्पॅरिंग. हवेत सुंदर मारणारं मूल समोर माणूस आला की गोंधळतं. पालक म्हणतात, घाबरतं. काही अंशी खरं आहे, पण मोठं कारण गणिताचं. एकाच अपेक्षित खुणेला हात किंवा पाय हलवायलाच माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. चांगल्या खेळाडूची लाथ निघून पोचते तीही जवळपास तेवढ्याच वेळात. म्हणजे लाथ निघालेली पाहून मग अडवायची म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. त्यात पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो. हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच हे मांडलं. म्हणून जाणते खेळाडू पावलाकडे बघत नाहीत. ते छाती आणि खुबा बघतात, भार कुठल्या पायावर गेला ते बघतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंतर स्वतः ठरवतात. लाथेच्या टप्प्याच्या अर्धं पाऊल बाहेर उभं राहणाऱ्याला वेळ मिळतो. तिथून आत यायचं ते मारण्यासाठीच, उभं राहण्यासाठी नव्हे.

अमेरिकेतल्या बिल वॉलेसची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ज्युदोत उजवा गुडघा दुखावल्यामुळे तो जवळपास डाव्या पायानेच लाथा मारायचा. एकच पाय, आणि मोजक्या तीन लाथा: वळवून, कडेने आणि आकड्यासारखी उलटी. पण तिन्ही एकाच ठिकाणी उचललेल्या गुडघ्यातून निघायच्या. गुडघा वर आला, आता काय येणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. सत्तरच्या दशकात तो व्यावसायिक फुल कॉन्टॅक्टचा विश्वविजेता झाला आणि अपराजित निवृत्त झाला. आपल्या बेल्ट परीक्षेत दहा-बारा प्रकारच्या लाथा पाठ करून आलेल्या मुलांना हे सांगितलं की ती अविश्वासाने बघतात.

सराव कसा करावा यावर विज्ञानाचं एक जुनं उत्तर आहे. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग केला. हाताने लाकडी अडसर पाडण्याच्या तीन हालचाली काहींना एकेक करून घोटवल्या, तर काहींना मिसळून दिल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. नंतरच्या परीक्षेत दुसरा. लाथेवर हा निष्कर्ष जसाच्या तसा लावायला मी धजणार नाही. अगदी नव्या मुलाला आधी एकच हालचाल घोटावी लागते. पण वर्षभर झालेल्या मुलाला ‘उजवा पाय, पन्नास’ म्हणून रांगेत उभं करणं म्हणजे त्याला रांगेतली लाथ शिकवणं. समोरचा माणूस पन्नासदा एकाच जागी उभा राहत नाही.

हवेतली लाथ आणि लढतीतली लाथ यांच्यामध्ये एक पूल लागतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वर्गांत तोच गायब असतो. सोमवारी हवेत, बुधवारी पॅडवर, शुक्रवारी एकदम चेस्ट गार्ड घालून ‘शिजाक’, म्हणजे ‘सुरू करा’. मधल्या पायऱ्या साध्या आहेत. पॅड धरणाऱ्याने चालत राहावं, पॅड अचानक दाखवावं आणि लगेच काढून घ्यावं. मग जोडीदार, पण एकाला एकच हल्ला मोकळा, दुसऱ्याने फक्त अंतर सांभाळायचं. मग दोघांनाही फक्त पुढचा पाय. मग गुण नाहीत, जोर नाही, फक्त हलकी लढत. हरणं-जिंकणं नसलं की मुलं नव्या गोष्टी करून बघतात. भिवंडी-पनवेलच्या स्पर्धा तोंडावर आल्या की शिक्षकांना यासाठी वेळ नसतो, हे समजू शकतं. पण स्पर्धा दोन महिने लांब असतानाही तेच चालतं, तेव्हा समजत नाही.

यात नियमांचा हात फार मोठा, कारण लाथेचं रूप शेवटी गुणांचा तक्ता ठरवतो. तायक्वांदोत ठोशाला एक, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, आणि वळून मारली तर धडाला चार, डोक्याला पाच. कराटेत ठोसा एक, धडावरची लाथ दोन, डोक्यावरची तीन. हे आकडे दिसतात साधे, पण यामागे रणकंदन झालेलं आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हनसनची चीनच्या चेन झोंगच्या डोक्याला लागलेली लाथ पंचांच्या नजरेतून सुटली आणि नंतर निकालच फिरवावा लागला. त्याच स्पर्धेत क्यूबाच्या आंगेल मातोसने चिडून पंचालाच लाथ मारली आणि आजन्म बंदी ओढवून घेतली. (त्या लाथेचं तंत्र उत्तम होतं असं म्हणणारे दर्दी मला भेटले आहेत.) २०१२ च्या लंडनमध्ये धडावरचं संवेदक असलेलं कवच आलं, २०१६ च्या रिओत डोक्यावरचंही. पंचांची चूक घटली, पण खेळाडूंनी यंत्राला काय कळतं ते शोधलं. पुढचा पाय उचलून तलवारबाजीसारखा हवेत नाचवायचा, जोराची गरज नाही, नेमका स्पर्श आणि पुरेसा दाब मिळाला की झालं. लोक कंटाळले. २०१७ मध्ये नियम बदलले, पाय उगाच हवेत धरून ठेवणाऱ्याला दंड लागू झाला, धडावरच्या लाथेचे गुण वाढले. म्हणून पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न ‘किती बेल्ट झाले’ हा नाही; ‘कुठल्या नियमांवर खेळवता’ हा आहे. तायक्वांदोची पुढच्या पायाची चपळाई घेऊन मूल किकबॉक्सिंगच्या लो किक प्रकारात उतरलं, तर तोच पुढचा पाय मांडीवर मार खाऊन सुन्न होतो.

तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेचा ७५ किलोवरील अंतिम सामना झाला. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेला लागली, गंजजादेह बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सुवर्ण मिळालं ते त्यालाच, कारण ताबा सोडून मारल्याबद्दल हमेदी बाद झाला. तो निर्णय मला अजूनही कडक वाटतो. पण त्या खेळात लाथ लागण्याआधी थांबवता येणं हा तंत्राचाच भाग मानलेला आहे. भाचीच्या वर्गात कबड्डीही खेळणारी एक मुलगी आहे, तिला हे चटकन कळलं. स्पर्श करून परतणं तिच्या रक्तातच होतं.

डोक्याच्या माराबाबत मात्र मत-मतांतराला जागा नाही. लाथ लागून मूल क्षणभर भांबावलं, तोल गेला, उलटी झाली, काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशीची लढत संपली. गुण कितीही असोत. हेड गार्डमुळे खोक टळते, मेंदूचं हलणं पूर्ण टळत नाही. माऊथ गार्ड प्रत्येकाचा स्वतःचा असावा, आणि हो, मी एका वर्गात तो भावाभावांत वाटून घेतलेलाही पाहिला आहे.

स्वसंरक्षणाच्या नावाखाली जे शिकवलं जातं, त्यावर थोडक्यात. सरकारी शाळांतून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, खासगी शिबिरं वेगळीच. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते, द्रोणागिरीला स्टेशन आहे, मुली कॉलेजला नेरुळ-बेलापूरकडे जातात. गर्दीच्या डब्यात डोक्याएवढी लाथ मारायला जागा कुठे आहे? तिथे कामाला येतो गुडघा, नडगीवर बुटाची कड, मोठा आवाज आणि पुढच्या स्टेशनवर उतरण्याची तयारी. शिबिरात फळी फोडून घेण्यापेक्षा हे शिकवलेलं बरं. फळी उलटून मारत नाही.

बेल्टचं अर्थशास्त्र मी इथे उघडत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय. दोन वर्षांत काळा पट्टा देणारेही आहेत आणि पाच वर्षं हिरव्यावर ठेवणारेही, आणि दोघांकडेही उत्तम आणि वाईट लाथा मारणारी मुलं मी पाहिली आहेत.

गेल्या महिन्यात भाचीच्या शिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. मॅट गुंडाळून ठेवली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना नेलं आणि प्रत्येकाच्या उभ्या पायाभोवती खडूने रेघ मारली. दहा लाथा मारायच्या, मग खाली बघायचं. ज्याची टाच वळली त्याच्या रेघेचा अर्धगोल पुसला गेलेला. ज्याची वळली नाही त्याची रेघ जशीच्या तशी. भाचीची रेघ पहिल्या दिवशी अखंड राहिली होती, अगदी शाळेच्या भूमितीच्या वहीतल्यासारखी. परवा गेलो तेव्हा ती स्वतःच खडू घेऊन बसली होती, आणि शेजारच्या बोकडवीऱ्याहून येणाऱ्या मैत्रिणीला सांगत होती, ‘अगं, वर नको बघू. खाली बघ, खाली.’